चवबाई

साहेब ‘शोभाल’ म्हणाले. चहात साखर ढवळता ढवळता म्हणाले, दारातल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणावं इतक्या सहज. "समोरच्या स्वागताच्या टेबलावर तुम्ही आता छान शोभाल, चवबाई. येणारा-जाणारा पहिल्यांदा तिथंच बघतो. बसून काम, दगदग नाही." एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. तो परत आलेल्या मालाचा कागद होता. शंभर खोकी, शेरा एका शब्दाचा: खवट. आणि खाली, माल बाहेर सोडणाऱ्याच्या जागी, तिची सही. एकोणीस वर्षं ती या बिस्किटांच्या कारखान्यात चव घेण्याचं काम करत होती. तिनं तोंडात घालून ‘पास’ लिहिल्याशिवाय एक बॅच फाटकाबाहेर जात नसे, आणि तिनं पास केलेली एकही बॅच आजवर परत आली नव्हती. ती बोलणी खायच्या तयारीनं वर आली होती. चांगली सणसणीत बोलणी बसली असती तर तिनं मान खाली घालून ऐकून घेतली असती, चूक ती चूकच. पण साहेबांचा आवाज आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा मऊ होता. "एवढं मोठं ऑपरेशन झालंय तुमचं. जिभेवर परिणाम व्हायचाच. मनाला लावून घेऊ नका." तिनं फक्त ‘बरं’ म्हटलं. मग त्या ‘बरं’चाच तिला इतका राग आला की बाहेर पडताना दार जरा जोरातच लागलं.

जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. त्या मोजायची गरज आता उरली नव्हती, पण सवय गेली नव्हती. पूर्वी आठव्या पायरीवर ती थांबायची, कठड्याला धरून, भिंतीवरची सुरक्षेची सूचना वाचल्यासारखं करून. ती सूचना तिला पाठ झाली होती. आज ती न थांबता खाली आली, गुडघा दुखला नाही, धाप लागली नाही, आणि आपण अशा भरभर उतरलो याचाही तिला राग आला. खोटं कशाला बोला, वजन उतरवायच्या त्या ऑपरेशननं तिचं भलंच झालं होतं. पन्नास किलो गेले होते. म्हणजे गोदामातलं साखरेचं एक अख्खं पोतं ती इतकी वर्षं पाठीपोटाशी बांधून हिंडत होती. आता वाकून स्वतःच्या बुटांची नाडी बांधता यायची. झोपेत श्वास अडकू नये म्हणून तोंडावर मुखवटा लावून झोपायचं ते घरघरणारं यंत्र माळ्यावर गेलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. हे सगळं खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच तिला तक्रार करायची सोय राहिली नव्हती. ज्याचं भलं झालं त्यानं कुरकुरू नये, असा जणू नियमच आहे. तिनं तोंड उघडलं की समोरचा माणूस लगेच म्हणायचा, अगं पण आरशात बघ की. जसं काही ती आरशात बघायचंच विसरली होती.

चवीची खोली कारखान्याच्या पार मागे, गोदामाला लागून होती. दारावर ‘गुणवत्ता विभाग’ अशी पाटी होती, आत तीन खुर्च्या, पांढरी मेजं आणि लाल दिवा. दिवा लाल एवढ्यासाठी की बिस्किटाचा रंग दिसू नये, डोळ्यांनी जिभेला फितवू नये. केमिस्टबाई भिंतीतल्या खिडकीतून तीन पेले आत सरकवायच्या. दोन पेल्यांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं, याला खोलीत ‘चोर धरणं’ म्हणत. एकोणीस वर्षांत चोर तिच्या हातून निसटला नव्हता. केमिस्टबाईंचं यंत्र काठावरचा आकडा दाखवायला लागलं की त्या स्वतःच म्हणायच्या, "चवबाईंना विचारा." तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. आधीचे म्हातारे साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणत तेव्हा काचेबाहेर उभं राहून सांगत, ही आमची चवबाई, आणि पाहुणे आत लाल उजेडात बसलेल्या त्या अवाढव्य बाईकडे बघून खूश होऊन हसत. एकदा एकजण म्हणाला होता, "वाटतंच आहे खात्यापित्या घरच्या." काच जाड होती, तरी तिला ओठांवरून कळलं होतं. त्या दिवशी तिनं मान वर केली नव्हती. पण एक गोष्ट तिनं कुणालाच कधी सांगितली नाही: त्या हसण्यात थोडा विश्वासही होता. दुकानात ‘तुमच्या मापाचं नाही’, बसमध्ये दोन माणसांच्या जागेकडे बघणारे डोळे, फोटो काढताना ‘तुम्ही जरा मागे उभ्या राहता का’, हे सगळं फाटकाबाहेर राहायचं. या खोलीत ती ‘खवट’ म्हणाली की चाळीस ट्रॉल्या जागच्या जागी थांबायच्या. जगात एवढी एकच जागा होती जिथं तिच्या अंगानं तिच्या शब्दाला वजन दिलं होतं. आता अंग गेलं, आणि आजपासून शब्दही जाणार होता. पूर्वी तिला मागे बसवली ती कामासाठी, की दिसू नये म्हणून, हा प्रश्न तिनं एकोणीस वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. आज साहेबांनी एका शब्दात उत्तर देऊन टाकलं होतं.

तिनं लाल दिवा लावला आणि नुसतीच बसून राहिली. मेजावर झाकणाचा प्लास्टिकचा पेला होता, थुंकायचा. चौदा महिने तो तिथं होता. ऑपरेशननंतर महिन्याभरानं ती कामावर आली त्या दिवशी पहिलंच क्रीमचं बिस्किट तिनं नेहमीसारखं खाल्लं. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं झगा भिजला, कानात शिट्टी वाजायला लागली आणि पोटात कुणीतरी मूठ पिळावी तशी कळ आली. ती खाली फरशीवर बसली. तिला वाटलं, संपलं. तपासायला गेली तेव्हा सर्जन म्हणाले, गोड पटकन आतड्यात उतरलं की असं होतं, गोड टाळा. ती म्हणाली, "डॉक्टर, मी बिस्किटांची चव घेते. कामच ते आहे माझं." सर्जन मोठ्यानं हसले. "अरे वा, मग नोकरी बदला," म्हणाले आणि पुढचा केसपेपर उघडला. त्याआधी तीन बैठकांत त्यांनी तिला सगळं समजावलं होतं, चित्रं काढून, पोटाचा कुठला भाग कापणार, केस गळतील, कातडी लोंबेल, पित्ताशयात खडे होऊ शकतात. तिनं सगळ्याला मान डोलावली होती. जिभेचं नाव कुणी काढलं नव्हतं. तिनंही काढलं नव्हतं, हे ती स्वतःला सोडून कुणाजवळ कबूल करायला तयार नव्हती. पोट कापलं तर जिभेला काय होणार, असंच तिला वाटलं होतं. केमिस्टबाई म्हणाल्या, बाहेर सगळीकडे चव घेऊन थुंकतात, तुम्हीही थुंका. तर ती थुंकायला लागली. गिळायचं नाही, एवढंच. बरं चाललं होतं. तेल चांगलं येत होतं तोवर नशिबानं साथ दिली. या खेपेचं तेल जुनं निघालं, आणि पितळ उघडं पडलं.

मागच्याच आठवड्यात रुग्णालयातल्या ताईंनी तिच्या हातात एक फॉर्म दिला होता. वर लिहिलं होतं: शस्त्रक्रियेनंतरची जीवनाची गुणवत्ता. गुणवत्ता विभागातल्या बाईला गुणवत्तेचा फॉर्म, तिला तेव्हा हसू आलं होतं. जिना चढताना त्रास होतो का. मित्रमंडळींत मिसळायला आवडतं का. स्वतःच्या शरीराबद्दल समाधान वाटतं का. जोडीदाराबरोबरचं नातं सुधारलं का. एक ते पाचमध्ये गोल करा. तिनं गोल करत करत शेवटपर्यंत वाचलं, कुठंतरी जिभेचा प्रश्न असेल म्हणून पान उलटूनही पाहिलं. मागे कोरं होतं. ताईंनी बेरीज केली आणि म्हणाल्या, "फारच छान. ऑपरेशनआधीच्या फॉर्मच्या दुप्पट." ती म्हणाली, "पण मला रागही येतो खूप." ताई म्हणाल्या, "राग यात नाहीये." खरंच नव्हता. तिनं परत पाहिलं, चिंता होती, निराशा होती, थकवा होता, झोप होती. राग नव्हता. ज्यांनी कुणी तो फॉर्म केला त्यांना वाटलंच नसणार की बारीक झालेल्या माणसाला राग येईल. इथं आम्ही एक बॅच पास करायला तीस तुकडे तोंडात घालतो, आणि हे लोक अख्खं जगणं पास करतात पेन्सिलीच्या गोलांवर, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तरी ती थँक्यू म्हणून बाहेर पडली आणि रस्त्यावर आल्यावर बरोबर आलेल्या नवऱ्यानं तिचा हात धरला.

हा हात हे एक वेगळंच प्रकरण होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात होता, माणूस शांत, व्यसन नाही, आवाज चढवायचा नाही. पण लग्नाला बावीस वर्षं झाली आणि त्यातली वीस तो रस्त्यानं तिच्या चार पावलं पुढे चालला. भरभर चालायची सवय आहे म्हणायचा. तिनं ते खरं मानलं होतं, कारण ते खरं मानणं सोयीचं होतं. ऑपरेशननंतर सहाव्या-सातव्या महिन्यात त्याची ती सवय आपोआप गेली. तो बरोबरीनं चालायला लागला. मग एक दिवस हात धरला. भर बाजारात, ओळखीचा माणूस समोरून येताना. तिला रडू यायला हवं होतं, सिनेमात येतं तसं. तिच्या मनात आलं ते हे, की झटक्यात हात सोडवून घ्यावा आणि विचारावं, वीस वर्षं कुठं होतात. आणि आई. आई लहानपणापासून म्हणायची, किती सुटलीयेस गं, जरा तोंडाला आवर घाल. पाहुण्यांसमोर म्हणायची, शाळेच्या बाईंसमोर म्हणायची, तिला बघायला आलेल्या लोकांसमोर आधीच म्हणून टाकायची, म्हणजे त्यांनी म्हणायला नको. आता आई तिच्या दंडावरून हात फिरवते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, सुटलीस गं बाई एकदाची. शब्द तोच. तेव्हाही सुटली होती, आताही सुटली. मधल्या चाळीस वर्षांत ती नेमकी कशात अडकली होती ते आईला विचारावं, असं तिच्या फार मनात होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला समोरच्या टेबलाचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "काय सांगतेस? अगं मग चांगलंच की. रोज नीटनेटकं राहायचं, माणसांत बसायचं. मी तर म्हणतो, देव पावला."

"मला नकोय ते," ती म्हणाली.

"का? त्या अंधाऱ्या खोलीत काय ठेवलंय?"

तिच्या ताटलीत वाटीभर मऊ भात होता. त्यातले पाच चमचे जाणार होते, अर्धा तास लागणार होता. "माझं काम ठेवलंय तिथं," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर माल थांबतो तिथं. समोर बसून मी काय करू? या बसा, या बसा?"

"पण तुला आता जमत नाही ना ते? मनाला लावून घेऊ नकोस, मी आपलं खरं ते सांगतो. माल परत आला. उद्या अजून येईल." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, दुकानात गिऱ्हाईकाला नवा नंबर सांगतो तसा. "आणि तसंही, आयुष्यभर काय थुंकतच बसणार आहेस?"

ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. राग जिथल्या तिथं होता, पण त्याच्या मधोमध एक गोष्ट लख्ख दिसली. थुंकतच. अरे देवा, थुंकतच. खवटपणा जिभेवर नसतोच. जिभेवर साखर असते, मीठ असतं, लोण्याचा वास असतो. खवट तेल दडून बसतं आणि घास गिळल्यावर दोन-तीन श्वासांनी घशाच्या मागून वर येतं, जुन्या ट्रंकेचं झाकण उघडल्यासारखं. हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कामाला लागल्यावर तिलाच तर शिकवलं होतं, गिळ, थांब, श्वास घे, मग बोल. आणि तीच बाई चौदा महिने न गिळता चोर धरायला बसली होती. चोर घशात, आणि ही पहारा देतेय दातांपाशी. जीभ गेली नव्हती मग. कदाचित गेली नव्हती. तिनं चमचा खाली ठेवला. नवऱ्याला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिनं केमिस्टबाईंना गाठलं आणि म्हणाली, "माझी परीक्षा लावा. परत आलेला माल आणि ताजा माल. मी गिळणार आहे." चव घेणाऱ्यांची परीक्षा वर्षातून एकदा होतच असे. सहा खेळ्या, दर खेळीला तीन पेले, सहांत पाच चोर धरले की खुर्ची पुढच्या वर्षासाठी तुमची. तिनं ती कधीच सहाच्या खाली दिली नव्हती, फक्त ऑपरेशनपासून तिची ती राहूनच गेली होती. केमिस्टबाई वयानं तिच्याएवढ्याच, बाई सरळ. "वेडाबिडा लागलाय का तुम्हाला? मागे फरशीवर पडला होतात. मला नाही ते बघवणार."

"बघू नका. पेले आत सरकवा, एवढंच करा."

"साहेबांना सांगावं लागेल."

"सांगा. येऊन बसू दे त्यांनाही."

साहेब आले, दारापाशी खुर्ची टाकून बसले. तिला म्हणाले, "एवढं कशाला सिद्ध करायला हवंय, आम्हाला तुमच्याबद्दल आदरच आहे." लाल दिवा लागला, खिडकी सरकली, तीन पेले आले. तिनं पहिल्यातला तुकडा चावला, जिभेवर फिरवला आणि गिळला. चौदा महिन्यांनी. डोळे मिटून श्वास घेतला. घसा स्वच्छ होता. पाणी. दुसरा. पाणी. तिसरा गिळला, एक श्वास, दोन श्वास, आणि आलं. मागून, हळू, पण ओळखीचं. तिला जवळजवळ हसू फुटलं. "उजवीकडचा," ती म्हणाली. केमिस्टबाईंनी खिडकीपलीकडून लिहून घेतलं. दुसऱ्या खेळीत डावीकडचा, शंकाच नाही. तिसरीत परत उजवीकडचा. तिच्या पाठीचा कणा ताठ झाला. साहेबांकडे बघायची फार इच्छा झाली, ती तिनं आवरली. बसा म्हणावं शोभायला कुणाला बसायचंय ते. चौथ्या खेळीच्या पहिल्या पेल्याला छातीत पहिला ठोका चुकला. तिला माहीत होतं आता किती वेळ आहे. मधला गिळला, श्वास घेतला, श्वास पुरेना, तरी वास आला, उशिरा आला पण आला. "मधला." हातांना घाम सुटला होता, पेला धरताना बोटं सरकत होती. कानातली शिट्टी सुरू झाली. साहेब काहीतरी म्हणाले, पुरे म्हणाले असावेत. तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

पाचव्या खेळीचे तीन तुकडे तिनं गिळले तेव्हा तोंडात नुसतं गोड होतं. गोड, ओलं, गोड. घशात काही नव्हतं, कारण घशापर्यंत तिचं लक्ष पोचतच नव्हतं. छाती ढोल बडवत होती, पोटात पीळ पडत होता, लाल उजेड जवळ येत होता आणि लांब जात होता. तिनं परत गिळलं. पाणी प्यायली. परत गिळलं. काही नाही. सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. मधला पेला हाताशी होता. "मधला," ती म्हणाली. सहाव्या खेळीला तिनं डावीकडचा सांगितला आणि मेजावर डोकं टेकलं. मेज गार होतं. केमिस्टबाई धावत बाहेरून आल्या, पाठीवर हात ठेवला, ती म्हणाली, "हात काढा, उकडतंय." मग केमिस्टबाईंनी कागद वाचला. पाच बरोबर. शेवटचा चुकला. "चवबाई, पाच. पाच आले. पास आहात तुम्ही." त्यांचा आवाज भरून आला होता. साहेब उठले, त्यांनी दोन टाळ्याही वाजवल्या. म्हणाले, "मानलं तुम्हाला. खुर्ची तुमचीच."

तिनं डोकं वर उचललं. केस कपाळाला चिकटले होते. एवढंच हवं होतं तिला. दीड वर्षात कुणी तिला हवं ते दिलं असेल तर ते हे, आणि ते घ्यायला फक्त गप्प बसायचं होतं. कुणाला कळणार नव्हतं. रोजच्या तीस तुकड्यांचं काय करायचं ते बघता आलं असतं, थोडं गिळायचं, थोडं थुंकायचं, काठावरच्या मालाला मनातल्या मनात हात जोडायचे आणि सही करायची. तिला भयंकर राग आला. सर्जनचा आला, आईचा आला, रस्त्यात हात धरणाऱ्याचा आला, टाळ्या वाजवणाऱ्या या माणसाचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो त्या मधल्या पेल्याचा, जो नेमका बरोबर निघाला होता. मेला चुकीचा निघाला असता तर तिला काही बोलावं लागलं नसतं.

"पाचव्यात मला काही लागलं नव्हतं," ती म्हणाली. "पेला हाताशी होता म्हणून सांगितला."

"असू दे हो," साहेब म्हणाले. "बरोबर आला ना? नियमानं तुम्ही पास आहात."

"साहेब, या खोलीत पास-नापास मी ठरवते. तुम्ही नाही."

साहेबांनी केमिस्टबाईंकडे पाहिलं. केमिस्टबाई हळूच म्हणाल्या, "चवबाई, कशाला पण?" त्यांचे डोळे भरले होते. ती म्हणाली, वही द्या. वही आली. तिनं तारीख लिहिली. खेळ्या सहा, बरोबर चार, अंदाजे एक, चूक एक. मग जरा थांबून खाली लिहिलं, माझ्या सहीनं गेल्या चौदा महिन्यांत सुटलेला आणि अजून गोदामात असलेला सगळा माल परत तपासावा. साहेब वाकून वाचत होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा मऊपणा पहिल्यांदाच उतरला. "अहो, चौदा महिन्यांचा? काय बोलताय तुम्ही? केवढा गोंधळ होईल." शेवटी एकदाचे ते तिच्याशी कामावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘नापास’ लिहून खाली सही केली. एकोणीस वर्षांत तिनं हजारो निकाल दिले होते. हा शेवटचा होता, आणि याच्याबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती.